38 हजारांचा ट्रेलर घ्यावा, की चार वेळा भाड्याने आणावा?

प्रश्न शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून आलाय. नवरा-बायको, नऊ आणि सहा वर्षांची दोन मुलं, आणि दर उन्हाळ्यात पुण्याहून येणारे आई-बाबा. दारात एक पेट्रोलवरची टोयोटा हायलँडर आणि एक टेस्ला मॉडेल वाय. डीलरकडे 26 फुटी बंकहाउस ट्रेलर, म्हणजे मुलांसाठी बंक-पलंग असलेलं, गाडीमागे ओढायचं फिरतं घर, बघून ठेवलाय. किंमत 38 हजार डॉलर, पंधरा वर्षांचं कर्ज, महिन्याला ‘फक्त’ 335. आई-बाबांना तंबूत जमिनीवर झोपवत नाही, आणि हॉटेलात गेलं की दोन खोल्या घ्याव्या लागतात. शिवाय सेल्समन म्हणतोय, ही किंमत शनिवारपर्यंतच. तर घ्यावा का, पैसे वसूल होतील का?

मी इंडियानात एल्कहार्टच्या जवळ राहतो. अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर याच परिसरात तयार होतात. काही वर्षं एका कारखान्यात क्वालिटीला होतो, आता लोकांना विकत घ्यायच्या आधी ट्रेलर तपासून देतो. माझा स्वतःचाही एक आहे आणि तो मला प्रिय आहे, त्यामुळे पुढचं वाचून ‘याला कॅम्पिंगच आवडत नाही’ असं समजू नका.

तुमच्या घरासाठी, या गाडीवर, या किमतीला माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. ट्रेलरचा नाद सोडा असं मात्र मी म्हणत नाही.

पैशांवर नंतर येतो, आधी गाडी. कारण डीलरकडे सगळ्यात वरवर बोललं जातं ते यावर. सेल्समनने विचारलं असेल, “कोणती गाडी? हायलँडर? व्ही-सिक्स? मग पाच हजार पौंड ओढते, आणि हा ट्रेलर कोरडा 4,900 चा आहे.” वाक्य खरं आहे, पण अर्धंच. ‘कोरडा’ म्हणजे पाणी नाही, गॅस नाही, गाद्यांवर चादर नाही, फडताळात कपबशी नाही. एक गॅलन पाण्याचं वजन 8.34 पौंड. चाळीस गॅलनची टाकी भरली की तिथेच 330 पौंड झाले. त्यात दोन गॅस सिलिंडर, बॅटऱ्या, खुर्च्या, सायकली, आणि आपल्या घरातलं सामान. मराठी माणसाचा ट्रेलर मी वजनकाट्यावर चढताना पाहिलाय. चार दिवसांच्या सहलीला दहा किलोची कणकेची पिशवी, दोन कुकर, स्टीलची ताटं आणि ‘असू दे, लागेल’ म्हणून घेतलेला तवा. 26 फुटी बंकहाउस निघताना सहा हजारांच्या खाली क्वचितच असतो.

तरीही ओढण्याची क्षमता हा मुख्य मुद्दा नाहीच. हायलँडरच्या ड्रायव्हरचं दार उघडा. खांबावर एक स्टिकर दिसेल, त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये. हे पेलोड. मॉडेलनुसार साधारण तेराशे ते सोळाशे पौंड असतं. तुमच्या गाडीवर 1,400 लिहिलंय असं धरू. चार मोठी माणसं आणि दोन मुलं मिळून 780 झाली. आता ट्रेलरचा पुढचा दांडा गाडीच्या हिचवर (मागच्या जोडणीवर) जे ओझं टाकतो, त्याला टंग वेट म्हणतात. ते ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के असावं लागतं. त्याहून कमी ठेवलं तर महामार्गावर ट्रेलरची शेपटी डोलायला लागते आणि एका मर्यादेनंतर ती गाडीलाही फिरवते. म्हणजे 6,000 पौंडांच्या ट्रेलरला साधारण 700-750 पौंड हिचवर आलेच. 780 अधिक 750 झाले 1,530. पेलोड संपलं, अजून डिकीत एक बॅग ठेवलेली नाही. शिवाय हायलँडरची हिचवरची मर्यादाच 500 च्या आसपास असते. वेट डिस्ट्रिब्युशन हिच लावलं की सगळं ठीक होतं, असंही कोणी सांगेल. ते ओझं पुढच्या-मागच्या चाकांवर वाटून देतं आणि चालवायला बरं वाटतं, पण स्टिकरवरचा आकडा वाढवत नाही.

गंमत कुठे आहे बघा. ट्रेलर घ्यायचा तो आई-बाबांसाठी, आणि आई-बाबा गाडीत बसले की ट्रेलर ओढायला वजनच शिल्लक राहत नाही. मॉडेल वाय 3,500 पौंड ओढू शकते, पण मागे उभी भिंत लावली की रेंज निम्म्यावर येते. आणि बरेच चार्जर असे आडवे असतात की ट्रेलर सोडून गाडी लावावी लागते. आई-बाबा मागे बसलेले असताना हे एकदा केलं की पुन्हा करायची इच्छा होत नाही.

मग उरतो पिकअप ट्रक किंवा मोठी एसयूव्ही. बऱ्यापैकी नवा, सहा माणसं बसतील असा ट्रक म्हणजे आणखी पन्नास-साठ हजार. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी लोक आधी ट्रेलर घेतात आणि सहा महिन्यांत ट्रक घ्यायला धावतात. सेल्समनला हे माहीत असतं. पण ट्रक तो विकत नाही, म्हणून तो विषय काढत नाही.

आता हिशोब. आकडे ढोबळ आहेत, तुमच्या कागदांवरचे आकडे घालून पुन्हा करा.

38 हजारांवर कर, डीलरची ‘प्रेप फी’, हिच, ब्रेक कंट्रोलर, पाण्याचे-सांडपाण्याचे पाइप, हे सगळं धरून 41 हजार होतात. सात हजार रोख, 34 हजार कर्ज. साडेआठ टक्क्यांनी पंधरा वर्षं महिना 335 चा हप्ता बसतो, म्हणजे सेल्समनचा आकडा बरोबर आहे. त्याने जे सांगितलं नसेल ते असं की पंधरा वर्षांत तुम्ही साठ हजारांहून जास्त भरणार, आणि पाच वर्षं नेमाने भरल्यावरही 27 हजार देणं शिल्लक असेल. त्याच वेळी पाच वर्षांच्या ट्रेलरला बाजारात निम्मी किंमत आली तरी खूप, समजा 19 हजार. मुलगी चौदा वर्षांची झाली, तिला आता मैत्रिणींशिवाय कुठे जायचं नाही, ट्रेलर विकू या म्हटलं तर विकण्यासाठीच खिशातले आठ हजार घालावे लागतील. किमतीपेक्षा कर्ज जास्त झालं की इथे ‘पाण्याखाली गेलं’ म्हणतात. या देशात घर पाण्याखाली जातं तेव्हा बातमी होते, ट्रेलर रोज जातात.

पाच वर्षांत 41 चे 19 झाले, म्हणजे वर्षाला 4,400 घसारा. व्याज सरासरी 2,600. विमा, नोंदणी, वर्षभर उभा करायची जागा आणि देखभाल मिळून 2,400. एकूण 9,400 डॉलर वर्षाला, आणि यात पेट्रोल नाही, कॅम्पसाइटचं भाडं नाही, ट्रक तर नाहीच. जागेचं भाडं कशाला म्हणाल, तर तुमच्या एचओएची, म्हणजे कॉलनीच्या सोसायटीची, नियमावली काढून वाचा. बहुतेक ठिकाणी ड्राइव्हवेवर ट्रेलर एखाद-दोन दिवसांपेक्षा जास्त उभा करू देत नाहीत.

या 9,400 ला रात्रींनी भागा. वीस रात्री झाल्या तर रात्रीला 470. चाळीस झाल्या तर 235.

तुमच्या किती होतील? इथे लोक स्वतःला फसवतात, म्हणून कॅलेंडर घेऊन बसा. इलिनॉयमध्ये ऑक्टोबरच्या शेवटी ट्रेलरच्या नळ्यांतलं पाणी काढून गुलाबी अँटिफ्रीझ भरावं लागतं, नाहीतर पहिल्याच कडक थंडीत नळ्या फुटतात. तो पुन्हा बाहेर निघतो एप्रिलअखेर. राहिले सहा महिने. त्यातून मुलांच्या सॉकरचे शनिवार काढा, मंडळाचा गणपती काढा, कोणाची तरी मुंज, कोणाचं तरी ग्रॅज्युएशन काढा, एक वर्षाआड बीएमएमचं (बृहन्महाराष्ट्र मंडळाचं) अधिवेशन असतं ते काढा. आणि ज्या उन्हाळ्यात भारतवारी, त्या वर्षी ट्रेलर जागचा हलत नाही, हप्ता मात्र दर महिन्याला हलतो. दोघं नोकरी करणाऱ्या, शाळेतली मुलं असलेल्या घरात पंधरा ते वीस रात्री झाल्या तरी मी ते घर उत्साही समजतो. चाळीस रात्री होतात त्या घरून काम करणाऱ्यांच्या, निवृत्तांच्या, किंवा मुलांना शाळेत न घालता घरी शिकवणाऱ्यांच्या.

कर्जाच्या व्याजावर करसवलत मिळते, हेही कोणीतरी ऐकवेल. झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असली की आयआरएस, म्हणजे इथलं आयकर खातं, ट्रेलरला दुसरं घर मानतं, हे खरं आहे. पण खर्च वेगवेगळे न दाखवता सरसकट वजावट (स्टँडर्ड डिडक्शन) घेणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही, आणि तुम्ही बहुधा तेच घेत असाल.

आता भाड्याचं बघू. आउटडोर्सी आणि आरव्हीशेअर या दोन ठिकाणी लोक आपले ट्रेलर भाड्याने देतात, आणि त्यातले बरेच मालक ट्रेलर थेट कॅम्पसाइटवर आणून, सपाट लावून, वीज जोडून देतात. तुम्ही सहा जण दोन गाड्यांतून आरामात जायचं, चावी घ्यायची, चौथ्या दिवशी चावी देऊन परत. ट्रक नको, हिच नको, जागेचं भाडं नको, ऑक्टोबरमध्ये अँटिफ्रीझ नको. आमच्या भागात बंकहाउसचं भाडं रात्रीला 140 च्या आसपास पडतं. त्यात आणून देण्याचे, सफाईचे, विम्याचे आणि वेबसाइटचे पैसे घातले की चार रात्रींचे साधारण 940, म्हणजे रात्रीला 235. वर मालकीचा चाळीस रात्रींचा जो भाव निघाला तोच हा! म्हणून मी लोकांना सांगतो की नवा, कर्जावरचा ट्रेलर चाळीस रात्रींच्या खाली भाड्याशी स्पर्धाच करू शकत नाही. उन्हाळ्यात चार वेळा आणला तर वर्षाला 3,800 च्या आत भागतं, आणि हॉटेलच्या दोन खोल्यांपेक्षाही ते स्वस्तच पडतं. एक खबरदारी घ्या. सगळ्याच पार्कांत बाहेरच्या माणसाला ट्रेलर आणून ठेवू देत नाहीत, म्हणून बुकिंगच्या आधी पार्कच्या ऑफिसला फोन करा.

भाड्याचा आणखी एक फायदा आहे, जो पैशांत मोजता येत नाही. आई-बाबांना हे जमतंय का, हे चार रात्रींत कळतं. ट्रेलरच्या दाराशी तीन उंच, अरुंद पायऱ्या असतात. गुडघा बदललेल्या माणसाला त्या रात्री दोन वाजता उतरायच्या नसतात हे खरं, कारण संडास आतच आहे, आणि तोच तर ट्रेलर घ्यायचा सगळ्यात मोठा मुद्दा. पण दिवसातून वीस वेळा चढ-उतार आहेच. पुढच्या खोलीतल्या पलंगाच्या दोन्ही बाजूंना एक फुटाची फट असते. आणि पलंग एका बाजूने भिंतीला टेकलेला असेल, तर भिंतीकडच्या माणसाला उठण्यासाठी दुसऱ्याला उठवावं लागतं. डायनिंग टेबल पाडून जो पलंग होतो तो साठीपुढच्या माणसाला देऊ नका. आणि आत कोण घोरतं हे सहाही जणांना कळतं. काही आई-बाबा या सगळ्यावर फिदा होतात. बाबा सकाळी कॉफीचा मग घेऊन शेजारच्या साइटवरच्या अमेरिकन म्हाताऱ्याशी मोडक्या इंग्रजीत मासेमारीवर तासभर बोलतात. काही आई-बाबा दुसऱ्या दिवशी हळूच विचारतात, “हॉटेल किती लांब आहे रे?”

स्वयंपाकाचंही तिथेच कळतं. ट्रेलरमध्ये फोडणी टाकली की चुलीपासून हातभर अंतरावरचा स्मोक अलार्म कोकलायला लागतो, आणि हिंग-मोहरीचा वास पडद्यांत जो बसतो तो ट्रेलर विकेपर्यंत. भाड्याच्या ट्रेलरचा मालक त्याचे वेगळे पैसे लावू शकतो. म्हणून फोडणी बाहेर, ताडपत्रीखाली, वेगळ्या शेगडीवर. विजेचं गणितही समजून घ्या. बहुतेक ट्रेलरना 30 अँपिअरची वीज येते, म्हणजे 120 व्होल्टवर 3,600 वॉट. एसी चालू असतो तो 1,500 घेतो, पाण्याचा हीटर विजेवर असेल तर 1,400, आणि तुम्ही वरणासाठी इन्स्टंट पॉट लावलात की आणखी हजार. झाले 3,900, आणि ब्रेकर पडला. हीटर गॅसवर टाका, मग वरण शिजतं.

पाण्याचं तर विचारूच नका. आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी ग्रे टँकमध्ये जातं, संडासाचं ब्लॅक टँकमध्ये, दोन्ही साधारण तीस-तीस गॅलनच्या. सहा माणसं, तेलकट भांडी आणि बादलीभर आंघोळीची सवय, म्हणजे ग्रे टँक दुसऱ्या संध्याकाळी भरतो. आपण धुण्यासाठी पाणी वापरतो, त्यामुळे ब्लॅक टँकही लवकर भरतो. पण जास्त पाणी त्या टाकीला चांगलंच असतं, कागदाचे ढीग साचत नाहीत. मिशिगनच्या स्टेट पार्कांत बहुतेक साइटवर वीज असते, सांडपाण्याची जोडणी नसते. डम्प स्टेशन, म्हणजे टाक्या रिकाम्या करायची जागा, सगळ्यांचं मिळून एक. आंघोळी पार्कच्या बाथरूममध्ये उरकल्या तर चार दिवस निघतात. हे आधी ठरवून टाका, तिसऱ्या दिवशी आईला सांगायची वेळ येऊ देऊ नका.

समजा दोन उन्हाळे भाड्याने आणलात, सगळ्यांना आवडलं, रात्री वाढायला लागल्या, आणि आता स्वतःचा हवाच. मग जुना, लहान आणि रोखीने. 17 ते 19 फुटांचा, भरल्यावर 3,500 पौंडांच्या आत राहणारा. तो हायलँडर ओढेल, तेही आई-बाबा टेस्लात आणि जड सामान ट्रेलरच्या चाकांवर असं वाटून घेतलं तर. त्यात चारच जण नीट झोपतात, पण तुमची मुलं नऊ आणि सहाची आहेत. त्यांना बाहेर तंबू लावून द्या, त्यांना तेच हवं असतं. आठ वर्षांचा असा ट्रेलर 12 हजारांत मिळाला आणि पाच वर्षांनी आठला विकला, तर घसारा वर्षाला 800. देखभालीला दीड हजार धरा, कारण जुना आहे. विमा आणि जागा हजार. म्हणजे 3,300. चौदा रात्रींतच तो भाड्याच्या बरोबरीला येतो. दोन ट्रेलरमधला खरा फरक हाच: एकाला चाळीस रात्री लागतात, दुसऱ्याला चौदा.

लहान ट्रेलरला आणखी एक दार उघडं असतं. नॅशनल पार्कमधली जुनी कॅम्पग्राउंड आजच्या लांब ट्रेलरसाठी आखलेलीच नाहीत. मात्र ग्लेशियर नॅशनल पार्कच्या गोइंग-टू-द-सन रोडवर मधल्या डोंगराळ भागात 21 फुटांहून लांब गाडी नेऊच देत नाहीत, आणि त्यात ओढणारी गाडी आणि ट्रेलर मिळून लांबी धरतात. म्हणजे तिथे लहान असला तरी ट्रेलर खालीच सोडून जायचं. उलट यलोस्टोनमध्ये फिशिंग ब्रिजला अस्वलांमुळे तंबू चालत नाही, पक्क्या भिंतींचंच वाहन लागतं. तिथे मुलांचा तंबूही नाही, हे लक्षात ठेवा. आणि एक सांगतो, नेपरव्हिलहून यलोस्टोन सुमारे 1,400 मैल आहे. ट्रेलर लावल्यावर गाडी गॅलनला दहा-बारा मैल देते आणि साठ-बासष्टच्या वेगाने जाते. तिथे जायचं तर विमानाने जा आणि तिकडेच भाड्याने घ्या. ट्रेलरचा आनंद दोन-तीन तासांच्या टप्प्यात आहे: इंडियाना ड्यून्स, वॉरन ड्यून्स, थोडं लांब गेलात तर लडिंग्टन.

जुना घेताना काय बघायचं, हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर. ट्रेलरला मारतं ते पाणी, मैल नव्हेत. छपरावर रबरासारखं पांघरूण असतं. एसी, व्हेंट, अँटेना जिथे जिथे छपराला भोक पडलंय तिथे सीलंटचा थर असतो. उन्हाने त्याला तडे जातात. वर्षातून दोनदा शिडी लावून ते बघायचं असतं. बघणारे फार थोडे. पाणी एका तड्यातून आत शिरतं आणि भिंतीच्या आतून खाली उतरतं, म्हणून डाग छताला दिसत नाही, खालच्या कोपऱ्यात दिसतो. मी पहिल्यांदा पुढच्या बाजूचे खालचे दोन कोपरे अंगठ्याने दाबतो. लाकूड टणक लागायला हवं. मग स्लाइडआउटचे (बाहेर सरकणाऱ्या भागाचे) कोपरे, मग दाराच्या आतली आणि शॉवरच्या पुढची जमीन, बूट काढून, टाचेने. नंतर बाहेर जाऊन उन्हात तिरकं उभं राहून भिंतीवरून नजर फिरवायची. फायबरग्लास आतल्या फळीपासून सुटला असेल तर भाजलेल्या पापडासारखे फुगवटे दिसतात. एक जरी दिसला तरी मी गिऱ्हाइकाला म्हणतो, चला, चहा पिऊ आणि घरी जाऊ. त्याची दुरुस्ती ट्रेलरच्या किमतीला टेकते. विकणाऱ्याने आत अगरबत्ती किंवा एअर फ्रेशनर लावला असेल, तर दारं बंद करून दहा मिनिटं बसा. कुबट वास त्याच्या मागून येतोच.

टायरवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजून जात नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होतात. पाच-सहा वर्षांचे असतील तर नक्षी कितीही कोरी दिसो, नव्या टायरांचे पैसे किमतीतून कमी करून मागा. फ्रिज आदल्या दिवसापासून चालू ठेवायला सांगा. फर्नेस (ट्रेलर गरम ठेवणारी भट्टी) पेटवून बघा. पाणी भरून पंप चालू करा, नळ बंद करा. पंप थोड्या थोड्या वेळाने पुन्हा घुरघुरला तर कुठेतरी गळतंय.

2021 चे ट्रेलर सध्या बाजारात भरपूर आहेत. महामारीत सगळ्यांनाच रानात जायचं होतं, आणि त्या वर्षी सहा लाखांहून जास्त आरव्ही (ट्रेलर आणि मोटारघरं मिळून) कारखान्यांतून बाहेर पडल्या. दोन वर्षांनी, 2023 मध्ये, हा आकडा जवळपास निम्मा, 3 लाख 13 हजारांवर आला. इथल्या कारखान्यांत कामगारांना बहुधा नगावर पैसे मिळतात. पहाटे सुरू होऊन ठरलेले नग दुपारपर्यंत संपवून लोक घरी जातात. हात सफाईदार असतात, पण मागणी अशी वाढली की स्क्रू वाकडा गेला तरी थांबून तो काढायला कोणाला फुरसत नसते. त्या वर्षाचा ट्रेलर घेऊच नये असं नाही. पहिल्या मालकाने काय काय दुरुस्त करून घेतलं त्याच्या पावत्या बघा, आणि पावत्या नसतील तर तपासणीवर तीन-चारशे डॉलर खर्च करा.

नवा घेतला तर ही कटकट नाही, असंही समजू नका. पहिल्या वर्षात नव्या ट्रेलरमध्ये दहा-वीस बारीकसारीक गोष्टी निघतातच, आणि वॉरंटीचं काम डीलरकडेच करून घ्यावं लागतं. जूनमध्ये ट्रेलर आत गेला की तो बाहेर येईपर्यंत शाळा सुरू होते. हप्ता त्या काळातही चालूच. शिवाय कितीतरी राज्यांच्या लेमन लॉमध्ये (सदोष नव्या गाडीपासून गिऱ्हाइकाला वाचवणाऱ्या कायद्यात) ओढायचे ट्रेलर धरलेलेच नाहीत. सहीपूर्वी इलिनॉयचा कायदा तेवढा वाचून घ्या.

राहिला सेल्समनचा शनिवार. ती किंमत पुढच्या शनिवारीही असेल, आणि सप्टेंबर उजाडला की बहुधा त्याहून कमी असेल, कारण डीलरलाही हिवाळाभर लॉटवर उभ्या ट्रेलरचं व्याज भरावं लागतं. त्याला नम्रपणे नाही म्हणा आणि तो शनिवार दुसऱ्या कामाला लावा. मिशिगनच्या स्टेट पार्कांचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं. आई-बाबा जुलैत इथे असतील तर जुलैच्या तारखा जानेवारीतच उघडतात, आणि समुद्रासारख्या दिसणाऱ्या लेक मिशिगनच्या काठच्या साइट सकाळच्या पहिल्या काही मिनिटांत संपतात. भाड्याचा ट्रेलर नंतरही मिळतो, साइट मिळत नाही. तेव्हा आधी वीज असलेली, सपाट, बाथरूमपासून फार लांब नसलेली साइट चार रात्रींसाठी धरा. नंतर त्या पार्कात ट्रेलर आणून देणारे दोन-तीन मालक शोधा आणि प्रत्येकाला आधी एकच प्रश्न विचारा: खालचा पलंग किती इंचांवर आहे, आणि दाराशी धरायला दांडा आहे का.